धंतोलीतला रविवारचा संविधान वर्ग : ९०० रुपयांत काय मिळतं आणि काय राहून जातं

धंतोलीत स्पर्धा परीक्षांचा एक क्लास आहे. नाव लिहीत नाही, कारण खाली दोन-चार तक्रारी येणार आहेत आणि क्लासचे मालक दरवर्षी भाडेकरार माझ्याकडूनच टाइप करून घेतात. रविवारी संध्याकाळी पोरांची बॅच सुटली की त्याच हॉलमध्ये मोठ्या माणसांसाठी संविधानाचा वर्ग भरतो. महिन्याला एकच विषय, फी ९०० रुपये, चहा ज्याचा त्याने खाली टपरीवर प्यायचा. या महिन्याचा विषय होता, संघराज्यातल्या एखाद्या राज्याला कायद्याने बाहेर पडता येतं का. नागपुरात असा विषय लावला की गर्दी होणारच. अर्धा हॉल स्वतंत्र विदर्भवाल्यांनी भरला होता, उरलेल्या अर्ध्यात एमपीएससीची मुलं, काही ज्युनिअर वकील आणि मी.

मी सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाबाहेर टेबल टाकून दस्त टाइप करते. वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, फारकतीचे अर्ज, भागीदारी मोडल्याचे लेख. एकत्र असलेली माणसं वेगळी होताना कागदावर काय काय लागतं, एवढं मला कळतं. भागीदारीपत्र करायला कोणी आलं की मी आधी विचारते, बाहेर पडायचं कलम टाकायचं का? नवे नवे असताना सगळेच म्हणतात, 'राहू द्या ताई, आपल्यात कशाला.' त्यामुळे देशांच्या बाबतीतही माझं लक्ष तिथेच गेलं. कागदात बाहेर पडायचं कलम आहे का, आणि नसेल तर सही कोणाकोणाची लागते? सरांनी अख्खा महिना या दोन प्रश्नांवर लावला. पैसे वसूल झाले ते त्यामुळे.

सर निवृत्त प्राध्यापक, लॉ कॉलेजात शिकवण्यात हयात गेलेली. मध्येच 'बाप्पा, हे पाहा' म्हणतात आणि निकालाचं पान पडद्यावर लावतात. भाषण ठोकत नाहीत. देशप्रेमाचे उमाळे नाहीत की कोणाला देशद्रोही ठरवायची घाई नाही. या विषयावर बोलताना एवढा संयम पाळणारा माणूस मिळणं कठीण.

सुरुवात अमेरिकेपासून. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलिना बाहेर पडलं, मागोमाग आणखी दहा राज्यं, मग चार वर्षांचं युद्ध. हे सगळीकडे वाचायला मिळतं, म्हणून सरांनी ते झटपट उरकलं आणि थेट टेक्सासच्या तिजोरीतल्या रोख्यांवर आले. १८५० च्या सीमेच्या तडजोडीपोटी केंद्राने टेक्सासला हजार-हजार डॉलरचे रोखे दिले होते. ज्याच्या हातात रोखा, त्याला पैसे. पण टेक्सासने स्वतःच कायदा करून ठेवला होता की मागे गव्हर्नरची सही असल्याशिवाय रोखा दुसऱ्याच्या हातात वैध धरायचा नाही. युद्ध पेटल्यावर तिथल्या बंडखोर सरकारने १८६२ मध्ये ती सहीची अट काढून टाकली, आणि जानेवारी १८६५ मध्ये व्हाइट आणि चाइल्स नावाच्या दोघांना रोखे विकायचा सौदा केला. बदल्यात काय? कापूस पिंजायचे दातेरी ब्रश आणि औषधं.

युद्ध संपल्यावर टेक्सास सर्वोच्च न्यायालयात गेलं : आमचे रोखे आम्हाला द्या. समोरच्यांचा बचाव फार हुशारीचा होता. टेक्सास तर देश सोडून गेलं होतं, त्याचे प्रतिनिधी अजून वॉशिंग्टनला परत बसलेले नाहीत, मग ते 'राज्य' म्हणून या कोर्टाची पायरी चढूच कसं शकतं? म्हणजे रोख्यांचा निकाल लावायचा तर टेक्सास खरंच बाहेर पडलं होतं का, हे आधी ठरवणं आलं. १८६९ मध्ये मुख्य न्यायाधीश सॅमन चेस यांनी लिहिलं की राज्यघटनेच्या डोळ्यांसमोर आहे तो अविनाशी राज्यांचा अविनाशी संघ. टेक्सासने बाहेर पडायचा केलेला ठराव कायद्याच्या लेखी शून्य. मोडायचंच असेल तर दोन वाटा, क्रांती किंवा राज्यांची संमती. रोखे टेक्सासचेच ठरले.

सहा लाखांवर माणसं मेली त्या युद्धात, आणि कायद्याचा प्रश्न निकाली निघाला तो मागे सही नसलेल्या कागदांच्या भांडणात. मी वहीत एवढंच लिहून घेतलं : सहीची अट आपल्या सोयीने काढली तरी ती काढणाऱ्याला अधिकार होता का, हे कोणीतरी कधीतरी विचारतंच.

पुढच्या रांगेतल्या एका ज्युनिअर वकिलाने बरोबर जागी बोट ठेवलं. म्हणाला, 'सर, हे चेस युद्धाच्या काळात लिंकनचे अर्थमंत्री होते. त्यांनी दुसरं काय लिहिलं असतं?' सरांनी ते उडवून लावलं नाही. निकाल पाच विरुद्ध तीनचा आहे हे सांगितलं, आणि विरोधात लिहिणाऱ्या ग्रिअर यांचा मुद्दाही वाचून दाखवला : टेक्सास आज राज्य आहे का ते डोळ्यांना दिसतं त्यावरून ठरवा, कायद्याच्या कल्पनेवरून नाही. मग जाता जाता कापसाचा विषय काढला. त्या युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे नागपूरला पोहोचली १८६७ मध्ये, तोवर युद्ध संपून भाव खालीही आला होता. 'आपलं नशीब!' असं मागून कोणीतरी म्हणालं आणि हॉल हसला.

सगळ्यात चांगला झाला तो कॅनडाचा तास. क्युबेक हा तिथला फ्रेंच बोलणारा प्रांत. वेगळं व्हायचं का, यावर त्याने १९८० मध्ये एकदा मतदान घेतलं, ते पडलं. १९९५ मध्ये पुन्हा घेतलं तेव्हा 'नाही'ला ५०.५८ टक्के आणि 'हो'ला ४९.४२. सरांनी मतपत्रिकेवरचा प्रश्न एका मुलीला मोठ्याने वाचायला लावला. क्युबेक सार्वभौम व्हावं का, असं सरळ विचारलेलंच नाही. कॅनडापुढे नव्या आर्थिक आणि राजकीय भागीदारीचा रीतसर प्रस्ताव ठेवल्यावर, अमुक विधेयकाच्या आणि १२ जून १९९५ ला सह्या झालेल्या कराराच्या चौकटीत, क्युबेकने सार्वभौम व्हावं हे तुम्हाला मान्य आहे का? मुलीला मध्ये श्वास घ्यावा लागला. असं वाक्य घेऊन कोणी माझ्याकडे आलं तर मी म्हणते, आधी तुम्हाला काय पाहिजे ते ठरवून या.

मग केंद्र सरकारने तिथल्या सर्वोच्च न्यायालयालाच विचारलं, क्युबेकला एकतर्फी बाहेर पडता येतं का? २० ऑगस्ट १९९८ ला उत्तर आलं. एकतर्फी नाही, कॅनडाच्या घटनेनेही नाही आणि आंतरराष्ट्रीय कायद्यानेही नाही. कारण वसाहतीच्या जोखडाखालच्या किंवा परक्यांनी दाबून टाकलेल्या लोकांचा जो हक्क तिथे मानतात, तो क्युबेकला लागू होत नाही, तिथली माणसं तर पंतप्रधान होऊन अख्खा देश चालवत आलीत. पण कोर्ट इथे थांबलं नाही. स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत आलं तर उरलेल्या कॅनडाने वाटाघाटीला बसलंच पाहिजे, असंही सांगितलं. तोंड फिरवून 'घटनेत नाही' म्हणायची सोय ठेवली नाही. स्पष्ट बहुमत म्हणजे किती, हे मात्र राजकारण्यांवर सोडलं.

२००० मध्ये तिथल्या संसदेने यावर कायदा केला. त्यातली वाटाघाटीच्या विषयांची यादी पडद्यावर आली तेव्हा मला एकदम ओळखीचं काहीतरी दिसल्यासारखं झालं. मालमत्ता आणि देणी कशी वाटायची, सीमा बदलायच्या का, मूळ रहिवाशांचे हक्क आणि जमिनीवरचे दावे, अल्पसंख्याकांचं संरक्षण. वाटणीपत्राचं परिशिष्टच की हे. मूळ रहिवाशांचा मुद्दा उगाच नाही घातलेला. १९९५ च्या मतदानाच्या काही दिवस आधी उत्तर क्युबेकमधल्या क्री लोकांनी आपलं वेगळं मतदान घेतलं आणि ९६ टक्क्यांहून जास्त लोकांनी कॅनडातच राहायचं म्हटलं. तुम्ही देशातून निघणार असाल, तर आम्ही तुमच्यातून निघतो! वाटणीला बसलेल्या भावाचा मुलगा उठून आपला हिस्सा मागतो, तेव्हा कसं होतं ते मी टेबलावर पाहिलंय. सरांनी विचारलं, मग तोडायची रेघ नेमकी कुठे ओढायची? कोणी बोललं नाही.

कलम असलेल्या देशांचा तास भरभर झाला, तो तसाच व्हायला हवा होता. सोव्हिएत संघाच्या १९७७ च्या घटनेत ७२ वं कलम होतं, प्रत्येक प्रजासत्ताकाला मुक्तपणे बाहेर पडायचा हक्क. प्रक्रिया कुठेच नव्हती. ती आली एप्रिल १९९० मध्ये, लिथुआनियाने मार्चमध्ये स्वातंत्र्य जाहीर करून टाकल्यावर : दोन-तृतीयांश मतं आणि पाच वर्षांपर्यंत थांबा. इथिओपियाच्या १९९५ च्या घटनेत बाहेर पडायचा हक्क देणारं ३९ वं कलम अजून आहे. कॅरिबियनमधल्या सेंट किट्स आणि नेव्हिसच्या घटनेत तर नेव्हिस बेटाला दार उघडून ठेवलंय, फक्त दोन-तृतीयांश मतं पाहिजेत. १९९८ च्या ऑगस्टमध्ये तिथे जवळपास ६२ टक्के लोकांनी 'जायचं' म्हटलं. नियमाला ते पुरलं नाही, बेट आजही जागच्या जागी आहे. क्युबेकला नेव्हिसएवढे टक्के मिळाले असते तर काय झालं असतं, यावर वकील पोरं चहाच्या टपरीवरही भांडत होती.

पश्चिम ऑस्ट्रेलियाची गोष्ट सरांनी फारच रंगवून सांगितली. १९३३ मध्ये तिथल्या जवळपास दोन-तृतीयांश लोकांनी बाहेर पडायला कौल दिला, आणि त्याच दिवशी हे मतदान घेणाऱ्या राज्य सरकारला घरी बसवून विरोध करणाऱ्या पक्षाला निवडून दिलं. अर्ज घेऊन मंडळी लंडनला गेली. १९३५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने सांगितलं की ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने मागणी केल्याशिवाय हा अर्ज आम्ही घेऊ शकत नाही. अर्ज चुकीच्या खिडकीवर गेला होता, म्हणजे माझ्या रोजच्या गिऱ्हाइकांसारखंच.

आता आपला देश. इथे सर उभे राहून बोलले, एरवी खुर्चीवर बसतात. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हा प्रश्न स्वतःहून काढला आणि मिटवला. भारताचा संघ राज्यांनी आपसात करार करून बनवलेला नाही, म्हणून त्यातून बाहेर पडायचा हक्क कोणत्याही राज्याला नाही. अमेरिकेला हे ठरवायला यादवी युद्ध करावं लागलं, आपण ते सुरुवातीलाच स्पष्ट केलेलं बरं. मागच्या रांगेतून 'जय भीम' आलं. मला पटलं ते एवढ्यासाठी की, कलम न टाकता गप्प बसणं आणि कलम का टाकलं नाही हे सभागृहात उभं राहून सांगणं, यात फार फरक आहे. पहिल्या प्रकारात पुढे कोर्टकचेरी ठरलेली.

एमपीएससीच्या एका मुलाने विचारलं, 'पण सर, संस्थानांनी सामीलनामे लिहून दिले होते ना? तो करारच झाला की.' प्रश्न नेमका होता. सरांनी सांगितलं की सामीलनाम्याने संस्थान आत आलं हे खरं, पण घटना लागू झाल्यावर सत्तेचा उगम तो कागद राहिला नाही, घटना झाली. जम्मू-काश्मीरबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०२३ च्या ३७० च्या निकालात हेच म्हटलं की त्या राज्याकडे वेगळं सार्वभौमत्व उरलेलं नव्हतं. द्रविडनाडूची, म्हणजे दक्षिणेत वेगळा देश मागणाऱ्या चळवळीचीही आठवण निघाली. द्रमुकच्या अण्णादुराईंनी १९६२ मध्ये राज्यसभेत ती मागणी मांडली, १९६३ मध्ये सोळावी घटनादुरुस्ती आली, निवडणुकीला उभं राहणाऱ्याच्या शपथेत देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता आली, आणि द्रमुकने मागणी सोडली.

माझी मोठी तक्रार आहे ती याच्या पुढच्या भागाबद्दल. राज्याला स्वतःहून जाता येत नाही, ठीक. पण सगळ्यांची संमती असेल तर? बेरुबाडी हा बंगालमधला भाग पाकिस्तानला द्यायचा होता, त्या प्रकरणात १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की देशाची जमीन दुसऱ्या देशाला द्यायची तर साधा कायदा चालत नाही, घटनादुरुस्ती लागते. मग नववी दुरुस्ती झाली. २०१५ मध्ये बांगलादेशाबरोबर छोट्या छोट्या वस्त्यांची अदलाबदल झाली, ती शंभराव्या दुरुस्तीने. म्हणजे जमिनीचा तुकडा रीतसर सह्या करून जाऊ शकतो. मग अख्खं राज्य? की १९७३ च्या केशवानंद भारतीच्या निकालात काही न्यायाधीशांनी देशाची एकता घटनेच्या मूलभूत चौकटीत, म्हणजे संसदेलाही मोडता न येणाऱ्या भागात धरली, ती भिंत तिथे आडवी येते? सरांनी दोन्ही निकालांची नावं फळ्यावर लिहिली, मध्ये एक प्रश्नचिन्ह काढलं आणि वेळ संपली. खरा पेच तिथे होता, त्याला स्वतंत्र रविवार द्यायला हवा होता. पश्चिम ऑस्ट्रेलिया थोडी कमी रंगवली असती तर चाललं असतं.

आणि विदर्भ. तो यायचाच होता. शेवटच्या तासाला पांढरी टोपी घातलेले एक काका उठले. सगळा महिना शांत बसलेले. म्हणाले, 'सर, तुमी अमेरिका सांगतली, क्यानडा सांगतला. आमाले देश नाही सोडाचा भाऊ, मुंबई सोडाची हाये!' टाळ्या पडल्या. सर हसून म्हणाले, 'काका, मग तुम्ही वर्ग नाही चुकला, कलम चुकलात. तुमचं कलम तीन.' आणि पुढची वीस मिनिटं सगळ्यात जिवंत झाली.

कलम तीनप्रमाणे संसद नवं राज्य करू शकते, सीमा आणि नाव बदलू शकते. राष्ट्रपतींच्या शिफारशीने विधेयक येतं, त्या राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवतात, पण ते मत संसदेवर बंधनकारक नाही. साधं बहुमत पुरतं. १९५६ मध्ये मुंबई राज्याचे तीन घटक करायचं विधेयक विधिमंडळाला दाखवलं आणि मंजूर केलं मराठी-गुजराती एकत्र असलेलं द्विभाषिक मुंबई राज्य, तर परत विचारायला नको का, म्हणून बाबुलाल पराते यांनी दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये सांगितलं, नको. २०१४ च्या जानेवारीत आंध्रच्या विधानसभेने तेलंगणाचं विधेयक फेटाळलं, फेब्रुवारीत संसदेने मंजूर केलं, २ जूनला तेलंगणा झालं. अमेरिकेत राज्य आणि संघ दोन्ही अविनाशी, आपल्याकडे संघ पक्का आणि राज्यांच्या रेघा पेन्सिलीच्या. काकांनी लगेच राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेला फझल अली आयोग काढला. १९५५ मध्ये आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, मग ती का नाही झाली? सर म्हणाले, याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही, दिल्लीत मतं किती त्यात आहे. काकांना हे आवडलं नाही. मला आवडलं. इतकी वर्षं 'मुंबई परवानगी देत नाही' म्हणून ओरडणाऱ्यांना मुंबईची परवानगी लागतच नाही हे कोणीतरी तोंडावर सांगायला पाहिजे होतं.

बाकी सोयींचं सांगते. माइक घरघरतो, मागच्या तीन रांगांना ऐकू येत नाही, तेव्हा लवकर जाऊन पुढे बसा. एसीचं पाणी उजव्या भिंतीकडच्या खुर्च्यांवर टपकतं. नोट्स देतात, पण एका पानावर चार पानं दाबून झेरॉक्स केलेल्या, चाळिशी ओलांडलेल्यांनी भिंग घेऊन जावं. निकालांतले उतारे इंग्रजीच आहेत, सर तोंडी मराठी करून सांगतात, तेच छापून दिलं तर वर्गाची किंमत दुप्पट होईल. बायकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली वॉचमनकडे असते आणि वॉचमन रविवारी टपरीवर असतो. गाडी लावायला जागा नाही, शेजारच्या दवाखान्याच्या फाटकासमोर लावली तर हवा सोडतात. काँग्रेस नगर मेट्रोवरून चालत या.

परीक्षेच्या मार्कांसाठी जाणार असाल तर यापेक्षा गाइड स्वस्त पडेल. विदर्भाच्या घोषणा द्यायला जाणार असाल तर संविधान चौक जवळच आहे आणि तिथे फी नाही. पण व्हॉट्सॲपवर 'अमुक राज्याने वेगळा देश मागितला' असं आलं की कायदा नेमका काय म्हणतो हे ज्याला समजून घ्यायचं असेल, त्याने जरूर जावं. पाचपैकी चार तारे, अर्धा बेरुबाडीसाठी कापला आणि अर्धा किल्लीसाठी.

नोंदणी शनिवारी दुपारपर्यंतच घेतात. यूपीआय चालतं. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत. मागा.